नादारीची यादी

माझे बाबा भले माणूस होते. हे मी कौतुकानं सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते आहे. भल्या माणसाच्या घरात वाढलेल्या पोरीला विचारून पाहा, भलेपणाचा हप्ता दर महिन्याला कोण भरतं ते. भंडाऱ्याकडच्या शहापूरजवळ हायवेला लागून एक कारखाना होता, तिथे बाबा टाइमकीपर होते. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला त्यांची खोली, खोलीला एक खिडकी आणि खिडकीत बाबा. कोण किती वाजता आत आलं, कोण पाच मिनिटं उशिरा आलं, कोण दुपारीच निघून गेलं, हे सगळं त्यांच्या वहीत असायचं. साडेसहाचा पहिला भोंगा झाला की ते सायकलची घंटी वाजवून पाहायचे आणि निघायचे. सातचा दुसरा भोंगा झाला की आई म्हणायची, झालं, बसले खिडकीत. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते शोभेलाच होतं. आईचा भात भोंग्यावर शिजायचा, माझी शाळा भोंग्यावर निघायची, आणि बाराच्या भोंग्याला आमचा कुत्रासुद्धा उठून आळस द्यायचा.

घर भाड्याचं, दोन खोल्यांचं, वर कवेलूचं छप्पर, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली लाकडी फळी, फळीवर बाबांची पुस्तकं. पौर्णिमेला विहारात पंचशील बाबाच द्यायचे. त्यांचा आवाज बारीक होता, पण एकेक शब्द स्वच्छ यायचा, आणि सगळा विहार त्यांच्या मागून म्हणायचा. जेवायला रोज भात आणि लाखोळीचं वरण. बाजाराच्या दिवशी वांगं आणि त्यात सुके झिंगे. झिंग्यांचा वास आधी गल्लीत पोचायचा आणि मग आमच्या ताटात. आई म्हणायची, आपण काय खातो हे लपवायची सोयच नाही.

त्या कारखान्यातल्या कामगारांची एक पतसंस्था होती. कर्ज काढायचं तर दोन कायम कामगार जामीन लागायचे. ऑफिसातले लोक मशीनवरच्या माणसांना सही देत नसत. बाबा देत. रविवारी सकाळी कुणीतरी यायचा, खाटेच्या अगदी काठावर बसायचा, तलावात पाणी किती आलं, धान कसं आहे, कोण दवाखान्यात आहे असं सगळं बोलून व्हायचं, चहा व्हायचा, आणि उठता उठता खिशातून चौघडी घातलेला कागद निघायचा. टाइमबाबू, एक सही पायजे होती. बाबा कागद मांडीवर घ्यायचे आणि खालच्या रेघेवर पूर्ण नाव लिहायचे. वाचायचे नाहीत. आई आतून म्हणायची, वाचून तरी पाहा. माणूस गेल्यावर बाबा तिला समजावायचे.

"समोर मानूस बसला हाय अन् आपन त्याचा कागद वाचाचा? मनजे तोंडावर त्याले चोर मनाचं."

यामागे एक गोष्ट होती, ती आम्हाला पाठ होती. बाबा शिकायला भंडाऱ्याच्या वसतिगृहात गेले तेव्हा फॉर्मवर जामीनदाराची सही लागत होती. आजोबा सही करणारं कुणी माणूस शोधत दिवसभर उन्हात फिरले. शेवटी दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या एका अनोळखी कंपाउंडरनं कागद मागितला, सही केली आणि नाव गाव न विचारता आत निघून गेला. बाबा पुढे त्याला शोधत गेले, पण तो बदली होऊन गेला होता. त्याची परतफेड म्हणून बाबा आयुष्यभर सह्या देत बसले. मी लहान होते तेव्हा मला ही गोष्ट फार आवडायची. नंतर नंतर मला त्या कंपाउंडरचा राग यायला लागला.

मी बारावी झाले त्या वर्षी कारखान्यात नवी मशीन आली आणि एक पूर्ण पाळी कमी झाली. कमी झालेल्या लोकांच्या हातात थोडा हिशेब पडला, तो दोन महिन्यांत संपला, आणि संस्थेचे हप्ते थांबले. संस्थेनं जामीनदारांना पत्रं पाठवली. बाबांनी सात जणांना सह्या दिल्या होत्या, आणि पाच ठिकाणी दुसरा जामीनदारही घरी बसलेलाच होता. उरले टाइमबाबू. त्यांचा पगार होताच, तो कापायला सोपा होता. पहिल्या महिन्याला पगाराचं पाकीट आलं तेव्हा आईनं ते उलटं करून झटकलं. तिला वाटलं, नोटा आत चिकटून राहिल्या असतील.

घर एकदम बुडत नाही. एखाद्या दिवशी दूध बंद होतं, चहा काळा होतो, आणि आपण म्हणतो की काळा चहाच तब्येतीला बरा. मग तेलाची बाटली छोटी येते. मग झिंगे फक्त पाहुणे आले तर. आईनं विड्या वळायला घेतल्या. पानं कापायच्या कात्रीचा कचकच आवाज सकाळपासून सुरू व्हायचा आणि तंबाखूच्या वासानं मला खोकला यायचा. किराणा दुकानात मला पाठवायचे, कारण पोरीला कोणी फारसं बोलत नाही असा आईचा समज होता. तो खोटा होता. संस्थेचा वसुलीवाला मोटारसायकलवरून यायचा, अंगणात न येता रस्त्यावर उभा राहायचा आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात प्यायला पाणी मागायचा. पाणी मी नेऊन द्यायची. तो तांब्या तोंडाला लावून सावकाश प्यायचा, त्याला घाई नव्हती.

आता मी अंगणवाडीत सेविका आहे आणि केस सगळे पांढरे झाले आहेत. मागे आमच्या इथे एक तरुण साहेब बैठकीला आले होते. लोकांची घरं दिवाळखोरीत का निघतात असं त्यांनी बायांना विचारलं. कोणी म्हणाली दारू, कोणी म्हणाली लग्नाचा खर्च, एक म्हणाली मोबाईलवरचं कर्ज, एका बोटानं मिळते अन् दहा जण फोन करून शिव्या देतात. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. माझ्या बाबांनी आयुष्यात विडी ओढली नाही, आणि स्वतःसाठी कर्ज असं एकदाही काढलं नाही. त्यांना फक्त समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणता आलं नाही. हे साहेबांच्या कोणत्या रकान्यात बसलं असतं मला माहीत नाही.

सातांतलं सगळ्यात मोठं कर्ज लहानूचं होतं. लहानू आंबागडचा. बायकोच्या पोटाच्या ऑपरेशनसाठी त्यानं काढलं होतं. आईनं बाबांच्या मागे लकडा लावला की जा, त्याच्या दारात बसा आणि पैसे घेऊनच या. बाबा तयार झाले, पण मला सोबत घेतलं. पोरगी सोबत असली की बोलणं वाढत नाही, असं म्हणाले. खरं म्हणजे त्यांना एकट्याला जायची लाज वाटत होती. आम्ही तुमसरला बस बदलली आणि किल्ल्याच्या डोंगराखाली उतरलो. लहानू जंगलात कामाला गेला होता. बायको घरी होती, पोट धरून हळूहळू चालत होती. तिनं आम्हाला न विचारता चूल पेटवली. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, दाण्यांची भाजी आणि भात केला. भात इतका पातळ होता की तो पुरवून केला आहे हे मला कळत होतं. बाबा मिटक्या मारत जेवले. लहानू आला तेव्हा बाबांकडे पाहून दारातच थांबला.

"बाबू, मी पळालो नाई," तो म्हणाला. "हे घर दिसते तुमाले, मी दिसतो. यातलं जे कामाचं वाटन ते घेऊन जा."

बाबांनी घराकडे पाहिलंच नाही. टाके दुखतात का, डॉक्टरनं परत कधी बोलावलं आहे, जंगलात मजुरी रोज मिळते का, असं विचारत राहिले. पैशाचा विषय निघाला नाही. परत येताना रस्त्यावर पोचल्यावर त्यांनी खिशातून वीस रुपये काढले आणि मला परत पाठवलं, वहिनीच्या हातात दे म्हणाले, लहानूला दिसू देऊ नको. मी धावत गेले, दिले, धावत आले. मला त्यांना हलवावंसं वाटत होतं. वसूल करायला गेलो आणि वीस रुपये देऊन आलो, हे मी आईला कसं सांगणार होते? सांगितलंच नाही. बाबांनी सांगितलं, आणि आई दोन दिवस जेवली नाही.

मग कुणीतरी बाबांना भंडाऱ्याच्या एका वकिलाकडे पाठवलं. वकीलसाहेबांनी सांगितलं की कोर्टात नादारीचा अर्ज करता येतो. जे काही आहे त्याची यादी करून कोर्टापुढे ठेवायची, कोर्ट ते विकून ज्यांचं देणं आहे त्यांना वाटून देईल आणि बाकीच्यातून माणूस सुटेल. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण असलं ते सोडतात. मात्र एक काडी लपवायची नाही. बाबा त्या दिवशी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसतमुखानं घरी आले. आईला मात्र त्या शब्दाचीच भीती वाटली. नादार म्हणजे भिकारीच ना, ती म्हणाली, आता तेवढंच राहिलं होतं.

"नादार मनजे ज्याच्याजवळ नाई तो," बाबा म्हणाले. "लबाड नाई. लोकं आता लबाड मनून राहिले मले. कोर्ट एकदा लिहून देईन का या मानसानं होतं नोतं ते सगळं समोर ठेवलं. मंग मले काही नाई पायजे."

त्यांना सुटका हवी होती ती अशी. पैशाची नव्हे, नावाची. हे मला तेव्हा नीट कळलं होतं, म्हणून पुढे जे केलं ते न कळून केलं असं मी म्हणू शकत नाही.

आईची एक एकदाणी होती. गळ्यात घालायची, सोन्याच्या मण्यांची, दोन तोळ्यांची. एका चांगल्या बोनसच्या वर्षी बाबांनी घेऊन दिली होती आणि पावती त्यांच्याच नावाची होती. आई माहेरहून आणलेल्या वस्तूंची कधी आठवण काढत नसे, कारण माहेरहून फक्त दोन पातेली आली होती. म्हणून ती एकदाणी तिचं सगळं काही होती. पगाराची कपात सुरू झाली तेव्हा आईनं बाबांना सांगितलं की एकदाणी विकून किराण्याचं देणं दिलं. खरं म्हणजे आम्ही दोघी साकोलीला मावशीकडे गेलो होतो. तांदळाच्या डब्यात तळाशी एकदाणी, वर सहा किलो तांदूळ. बसमध्ये कंडक्टरनं डबा वर टाकायला मागितला तर आईनं तो मांडीवरून सोडला नाही. मला नागपूरला नर्सिंगच्या कोर्सला जागा मिळाली होती आणि दिवाळीनंतर फी भरायची होती. एकदाणी त्यासाठी होती. आई मला म्हणाली होती, तुह्या बाबाच्या सह्यांनी सात घरं उभी केली, माह्या एकदाणीनं एक पोरगी उभी राहू दे.

यादी आम्ही एका रविवारी दुपारी केली. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायला मी, सांगायला बाबा. वकिलानं कोरे कागद आणि नमुना दिला होता. बाबा घरभर फिरत होते आणि वस्तूंना हात लावून सांगत होते. सायकल एक, जुनी. रेडिओ एक, चालू. पाट दोन. पाण्याचा पितळी गुंड एक. घड्याळ एक. वकील म्हणाले होते भांडी लिहायची गरज नाही, पण बाबांनी पळीसुद्धा लिहायला लावली. पुस्तकं एकवीस झाली. ती लिहिताना त्यांनी एकेक पुस्तक झटकून परत फळीवर ठेवलं. सायकलीच्या पंपापाशी ते थोडे घुटमळले, कारण तो शेजाऱ्याकडून आणलेला की आपला हे त्यांना आठवेना. मग शेजाऱ्याला विचारून आले. पंप आपलाच निघाला, तो लिहिला. मला हसू येत होतं. आई चुलीपाशी पाठमोरी बसून पानं कापत होती.

दागिन्यांचा रकाना आला. आई न वळता म्हणाली, काळी पोत आणि जोडवी. मी लिहिलं. बाबा माझ्यासमोर खाली बसले.

"आनखी काही रायलं काय बाई?" त्यांनी मला विचारलं.

कात्रीचा आवाज थांबला होता. मी कागदाकडे पाहत म्हणाले, नाही बाबा. मग मी उठून बोअरिंगवर पाणी आणायला गेले, कारण मला तिथे बसवेना. हापशाला गर्दी होती आणि मला ती बरी वाटली. परत आले तेव्हा बाबांनी सही केलेली होती आणि पेनाला टोपण लावून ते बसले होते. मला वाटलं, नेहमीसारखी केली सही. लोकांचे कागद जो वाचत नाही तो पोरीचा कागद कशाला वाचेल.

अर्ज दाखल झाला. कपात थोडी थांबली, संस्थेनं हरकत घेतली, तारखा पडायला लागल्या. त्यातच भंडाऱ्याला माझ्या मामेबहिणीचं लग्न आलं. आता सांगायला विचित्र वाटतं, पण आमच्या घराची पुढची सगळी वाट त्या लग्नानं ठरवली. आई म्हणाली, मी काही रिकाम्या गळ्यानं जाणार नाही. नादारीचा अर्ज केला हे माहेरच्या लोकांना अजून माहीत नव्हतं आणि तिला कळू द्यायचं नव्हतं. एका दिवसापुरती मावशी एकदाणी घेऊन येणार, आई ती मांडवात घालणार आणि निघताना मावशीला परत देणार. मी तिला म्हणाले होते, नको आई. ती म्हणाली, भावाच्या पोरीचं लग्न हाय, उघडा गळा घेऊन गेली तं सगळे विचारतीन, मंग काय सांगू? बाबांची त्या दिवशी पाळी होती, ते येणार नव्हते. आई पांढऱ्या लुगड्यात फार छान दिसत होती. वंदनेच्या वेळी ती पुढच्या रांगेत उभी राहिली. कितीतरी महिन्यांनी मी तिची मान अशी ताठ पाहिली. फोटोवाला समोरून फिरत होता. नवऱ्या मुलाकडच्या पाहुण्यांत संस्थेच्या मॅनेजरचं घर आहे, हे आमच्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं.

कोर्टाच्या तारखेला बाबांसोबत मी गेले, आई घरी राहिली. हॉल उंच होता आणि पंखा कुरकुरत होता. संस्थेच्या वकिलानं बाबांच्या हातात एक फोटो दिला. मी मागच्या बाकावरून पाहिला आणि ओळखला, मांडवाचा निळा पडदा होता त्यात. ही कोण, असं वकिलानं विचारलं. बाबा म्हणाले, माझी बायको. गळ्यात काय आहे? एकदाणी. कोणाच्या पैशानं घेतली? माझ्या, बोनसच्या. यादीत आहे? नाही. संस्थेच्या वकिलानं मग यादी उचलून दाखवली आणि अक्षर कुणाचं आहे ते विचारलं. बाबा म्हणाले, पोरीचं आहे, पण मी सांगितलं तेवढंच तिनं लिहिलं. उठून उभं राहावं आणि सांगावं, असं मी मनात दहा वेळा ठरवलं. उठले नाही.

न्यायाधीश वयस्क होते आणि बोलायला मऊ होते. त्यांनी चष्मा काढला आणि बाबांना म्हणाले की माणूस अडचणीत असला की विसरतो, नजरचुकीनं राहिलं असेल तर तसं सांगा, यादी दुरुस्त करता येते. आमचे वकीलसाहेब जोरजोरात मान हलवत होते. बाबांनी फक्त हो म्हणायचं होतं.

"नाई साहेब," बाबा म्हणाले. "चुकून नाई रायली. मीच ठेवली बाहेर."

अर्ज फेटाळला. माहिती दडवल्याचं कारण त्यात लिहिलं. एकदाणी जमा करायला सांगितली. आमचे वकील बाहेर येऊन बाबांवर इतके चिडले की फाइल बाबांच्या छातीवर आपटून निघून गेले.

कोर्टाच्या आवारात टायपिंगवाले बसतात, त्यांच्या पलीकडे एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती. बाबांनी एक रुपयाचे घेतले आणि आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो. ते एकेक शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवत होते. मला रडू आवरेना. मी सगळं सांगून टाकलं, साकोली, तांदळाचा डबा, रिकामा रकाना. तुम्ही मला वाचवायला कोर्टात खोटं बोललात, असं मी म्हणाले. माझ्यामुळे तुम्ही खोटे पडलात.

"कोर्टात मी खरंच बोललो," बाबा म्हणाले. "खोटं मी त्या दिवशी केलं, सही केली तवा. तू पान्याले गेली होती, तवा मी यादी वाचली. दोनदा वाचली. किराण्याची उधारी तशीच हाय, मंग एकदाणीचे पैसे गेले कुठं, एवढा हिशेब टाइमकीपरले कळत नाई काय? तुह्या फीची तारीख होती ना बाई."

ते शिंगाड्याची सालं गोळा करत होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आधी सुटल्यासारखं वाटलं. पाप एकटीचं नव्हतं, एवढंच माझ्या मनात आलं. आपल्यासाठी बाबांनी त्यांची सगळ्यात जपलेली गोष्ट जाणूनबुजून मोडली हे मला बसमध्ये बसल्यावर समजलं, आणि मग मला त्यांच्या शेजारी बसवेना. उठण्याआधी त्यांनी मला एक गोष्ट कबूल करायला लावली होती.

"तुह्या आईले सांगू नोको मले मालूम होतं मनून. तिले वाटू दे का मी आंधळेपनानं सही केली. घरात एकाजवळ तं माहं नाव चांगलं राहू दे."

मी हो म्हणाले.

एकदाणी गेली, कोर्स गेला, कपात परत सुरू झाली आणि बाबा निवृत्त होईपर्यंत चालली. पुढच्या पौर्णिमेला बाबा विहारात मागच्या भिंतीला टेकून बसले. लोकांनी पंचशील द्यायला पुढे बोलावलं तर म्हणाले, घसा बसला आहे. घसा मग कायमचाच बसला. रविवारी खाटेवर येऊन बसणारे बंद झाले. बाबांना त्याचं फार वाईट वाटायचं, पाहुणे येत नाहीत म्हणायचे. आई त्यांच्याशी त्या दिवसापासून फार जपून बोलायची, ताट आधी वाढायची, समोर मोठ्यानं हसायची नाही. ती स्वतःला अपराधी समजत होती. एका दिवसाच्या हौसेपायी आपण एका खऱ्या माणसाला भर कोर्टात लबाड ठरवलं, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही, आणि बाबा तिला तसं समजू देत राहिले. मला वाटायचं, आता सांगावं. पण मी शब्द दिला होता, आणि बाबांनी उभ्या जन्मात माझ्याकडून तेवढं एकच मागितलं होतं.

बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. आई मागच्या वर्षी गेली. शेवटचे दोन महिने ती माझ्याकडेच होती. एका दुपारी मी अंगणवाडीतून आले आणि तिचे पाय चेपत बसले. ती छताकडे पाहत पडली होती. तिनं अचानक विचारलं,

"काय व, त्याईले मालूम असतं तं त्याईनं त्या कागदावर सही केली असती काय?"

मला वाटलं, आता सांगून टाकावं. चाळीस वर्षं उचललेलं ओझं तिच्या डोक्यावरून उतरवायला एक वाक्य पुरे होतं. ते सांगितलं असतं तर ती हलकी झाली असती, आणि ज्या माणसाच्या खरेपणावर तिनं जन्म काढला तो माणूस तिच्याजवळून गेला असता. मी तिचा पाय हातात धरून बसले होते. पायाचं कातडं अगदी पातळ झालं होतं.

"नाही आई," मी म्हणाले. "बाबांनी केली नसती."

"नसतीच केली," आई म्हणाली. तिचा चेहरा शांत झाला. मग तिनं कुशीवर वळून डोळे मिटले, आणि मी तिचा दुसरा पाय चेपायला घेतला.